न हसता गाईंबद्दल बोलण्याची कला

एक माणूस शांत, मोजक्या आवाजात सांगतो, की गोमांसाच्या आणि दुधाच्या धंद्यात असणाऱ्यांसाठी, किंवा ज्यांना या विषयात नुसताच रस आहे त्यांच्यासाठी, हा आमचा मासिक कार्यक्रम. मग प्रायोजक कंपनीच्या पशुखाद्याची जाहिरात होते. मग धंद्यातल्या घडामोडी. मग फोनवर एका जाणकाराची मुलाखत. सगळं कसं जागच्या जागी. तुम्ही भांडी विसळत अर्धा कान देऊन ऐकत असता आणि एकदम हात थांबतो. आत्ता हा जाणकार म्हणाला काय? कुठल्याच गाईच्या बाबतीत, कुठल्याच गोठ्यात जे होऊ शकत नाही ते तो सांगतोय, आणि मुलाखत घेणारा त्यावर हूं म्हणून पुढचा प्रश्न विचारतोय!

आता नीट ऐकायला लागावं तर कळतं, की हा कार्यक्रम काढणारी संस्था अस्तित्वात नाही. ते पशुखाद्य कुठल्याच दुकानात मिळत नाही. जाणकार हा जाणकार नाही, तो विनोदी नट आहे. कार्यक्रमाचं नाव ‘द बीफ अँड डेअरी नेटवर्क पॉडकास्ट’. बेंजामिन पार्ट्रिज नावाच्या विनोदी लेखकाने तो २०१५ साली ब्रिटनमध्ये सुरू केला. माइक वॉझनिॲक, हेन्री पेकर यांच्यासारखे विनोदवीर त्यात पाहुणे म्हणून येतात आणि संहिता हातात नसताना बोलत सुटतात. पार्ट्रिज त्या बोलण्यातून कापून, जोडून कार्यक्रम बांधतो. २०१७ साली ‘ब्रिटिश पॉडकास्ट अवॉर्ड्स’मध्ये त्याला विनोदी विभागाचं पारितोषिक मिळालं. खोट्या पशुधन संस्थेच्या खोट्या मासिक कार्यक्रमाला खरं बक्षीस!

यातली गंमत उघड आहे. गुरांच्या धंद्यासारख्या रुक्ष, अतिबारीक विषयावर कुणी महिन्यामागून महिने बोलत राहावं, हीच लंडनमधल्या श्रोत्याला हसू आणणारी कल्पना. पण हाच कार्यक्रम मराठीत करून अहिल्यानगर जिल्ह्यात, राहात्याच्या किंवा राहुरीच्या एखाद्या दूध उत्पादकाला ऐकवला तर? पहिली पाच मिनिटं तो वही-पेन शोधेल. गाईंवर तासभर बोलणं यात हसण्यासारखं काय आहे? तो रोज तेच करतो.

म्हणजे विनोद गाईत नाही. मग कुठे आहे? त्याचा माग काढत जाऊ, कारण वाटेत एकाहून एक अचाट गोष्टी लागतात.

पहिली गोष्ट: मुळात इतक्या बारीक विषयावर कुणी कार्यक्रम करू कसा शकतं? रेडिओवर हे जमत नव्हतं, कारण रेडिओलहरींच्या पट्ट्यात जागाच थोडी. एका गावाला ऐकू येणारी केंद्रं मोजकी, दिवसाचे तास चोवीस, म्हणून प्रत्येक अर्ध्या तासावर हजारोंचा हक्क. भजन, बातम्या, बाजारभाव, फर्माईश. त्यात एखाद्याने म्हटलं, की मला दर आठवड्याला फक्त जुन्या कुलपांबद्दल बोलायचंय, तर केंद्र संचालक त्याला चहा पाजून घरी पाठवणार.

मग २००० सालच्या अखेरीस अमेरिकेत डेव्ह वायनर यांनी आरएसएस नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये एक छोटीशी भर घातली. वेबसाइटवर नवीन काय आलं याची यादी या फाइलमध्ये असायचीच. आता त्या यादीत ध्वनिफितीचा पत्ताही लिहिता येऊ लागला. बस्स. पॉडकास्ट नावाचं सगळं विश्व त्या एका पत्त्यावर उभं आहे. तुमचा फोन अधूनमधून जाऊन ती यादी बघतो, नवा पत्ता दिसला की फीत आणून ठेवतो. दुधाचा रतीब लावावा तसं आहे हे: एकदा सांगून ठेवलं, की दारात भांडं आपोआप भरतं. ना केंद्र संचालक, ना रेडिओलहरींची टंचाई. आता कुलपांचे वेडे कोल्हापुरात दोन, नागपुरात तीन आणि न्यू जर्सीत एक असे विखुरलेले असले तरी चालतात. सगळे मिळून श्रोतृवर्ग होतो.

आणि माणसाला मोकळं रान मिळालं की तो काय करतो? न्यूझीलंडच्या टिम बॅट आणि गाय मॉन्टगोमेरी या दोघांनी २०१४ साली ठरवलं, की ‘ग्रोन अप्स २’ हा एकच सुमार चित्रपट वर्षभर दर आठवड्याला पाहायचा आणि दर वेळी त्यावर कार्यक्रम करायचा. केलासुद्धा! पुढच्या वर्षी ते अमेरिकेतल्या मॅकेलरॉय या तीन पॉडकास्टकार भावांना जाऊन मिळाले आणि पाच जणांनी नवा पण केला: दर वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या सुमारास ‘पॉल ब्लार्ट: मॉल कॉप २’ हा चित्रपट पाहून त्यावर बोलायचं, जगाच्या अंतापर्यंत. पाचांतला कुणी गेला तर त्याच्या जागी वारस नेमायचा. तिकडे ड्रू ॲकरमन नावाचा गृहस्थ २०१३ पासून मुद्दाम कंटाळवाण्या, भरकटत जाणाऱ्या गोष्टी सांगतोय. ऐकणाऱ्याला झोप लागावी हाच हेतू. शेवटपर्यंत जागं राहणारा श्रोता म्हणजे कार्यक्रम फसल्याची खूण.

आता सांगा, हे सगळं खरं असताना विडंबन करणाऱ्याने करावं तरी काय? अतिशयोक्तीची जागा खऱ्यांनीच बळकावलेली. पार्ट्रिजचं कौतुक इथे वाटतं. तो अतिशयोक्तीने सुरुवात करतच नाही. आधी तो साचा तंतोतंत उचलतो: नमस्कार कसा करतात, प्रायोजकाचं नाव किती आदराने घेतात, पाहुण्याची ओळख करून देताना त्याची पदं कशी एका दमात म्हणतात. हा साचा आपल्या कानाला इतका ओळखीचा असतो, की त्याच्या आत काय भरलंय हे तपासायला मेंदू थांबत नाही. गंभीर आवाज ऐकला, की मजकूरही गंभीर असणार असं तो गृहीत धरून चालतो.

कानाचा हा भोळेपणा किती खोल आहे बघा. जुन्या टेलिफोनच्या तारेतून माणसाचा सगळा आवाज कधी जातच नव्हता. साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच मधला पट्टा जायचा. खालचा घुमारा आणि वरचा सळसळाट दोन्ही कापलेले. म्हणून फोनवरचा आवाज तसा चिरका, डबीतून आल्यासारखा. आता शेजारच्याच खुर्चीत बसलेल्या नटाचा आवाज ध्वनिमुद्रित करा, संगणकावर ३०० च्या खालचं आणि ३४०० च्या वरचं पुसून टाका. झालं! श्रोत्याच्या डोक्यात तत्काळ एक माणूस दूर कुठल्यातरी शेतघरात फोन धरून उभा राहतो. कुणी त्याला सांगितलं नाही, की फोन आहे. जे आवाज नाहीत त्यांच्यावरून त्याने हे ताडलं.

दुसरी करामत वेळेची. जगातल्या वेगवेगळ्या भाषांतली संभाषणं मोजून पाहिली, तेव्हा एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होण्यात सरासरी जेमतेम २०० मिलिसेकंदांचं अंतर निघालं. सेकंदाचा पाचवा हिस्सा! आणि साधं एक चित्र दाखवून त्याचं नाव सांगायला लावलं, तर माणसाला ६०० मिलिसेकंद तरी लागतात. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधतो आणि उत्तर तयार ठेवतो. कट्ट्यावर टवाळी करतानासुद्धा आपल्या डोक्यात हा हिशेब चालू असतो. विनोदी निवेदक नेमका इथे हात घालतो. पाहुणा काहीतरी भयंकर बोलून जातो आणि निवेदक अर्धा सेकंद उशिरा, पूर्ण सभ्यपणे, ‘बरं’ म्हणतो. तो जास्तीचा अर्धा सेकंद तुम्ही मोजलेला नसतो, पण तुमच्या मेंदूने मोजलेला असतो, आणि हसू तिथून फुटतं. निवेदक स्वतः हसला तर सगळं मातीत. त्याने हसायचंच नाही. हसण्याचं काम श्रोत्यावर सोडायचं.

आता पुन्हा अहिल्यानगर जिल्ह्याकडे वळू. तिथल्या दूध संकलन केंद्रावर पहाटे जा आणि एका परक्या माणसाच्या कानांनी तो संवाद ऐका. ‘डिग्री किती आली?’ ‘फॅट लागली का?’ ‘एसएनएफ पडलं, पॉइंटला कटिंग बसणार.’ शहरी माणसाला यातलं ओ की ठो कळणार नाही. त्याला हे कुणीतरी रचलेलं विडंबनच वाटेल. पण त्या आकड्यांच्या आत डोकावून तर बघा!

गाईच्या दुधाचा भाव महाराष्ट्रात ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरून निघतो. फॅट म्हणजे स्निग्धांश. एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळून उरलेले घन पदार्थ, प्रथिनं, साखर, खनिजं. दोन आकडे कशाला, एक पुरला नसता का? इथे खरी मेख आहे. स्निग्धांश पाण्याहून हलका, बाकीचे घन पदार्थ पाण्याहून जड. दुधात तरंगणारं लॅक्टोमीटर दुधाचा जडपणा दाखवतं; त्यालाच ‘डिग्री’ म्हणायचं. पाणी घातलं की डिग्री उतरते, हे कुणालाही कळेल. पण साय काढून घेतली तर हलका भाग जातो आणि डिग्री चढते! म्हणजे आधी साय काढा, मग बेताने पाणी घाला, आणि लॅक्टोमीटर निरागसपणे सांगतं, की दूध उत्तम आहे. म्हणून फॅटही मोजावी लागते. मापाला फसवण्याची युक्ती एकाने काढली आणि तिला धरणारं दुसरं माप दुसऱ्याने आणलं. संकलन केंद्राच्या चिठ्ठीवर या चढाओढीचा निकाल रोज दोन वेळा छापून येतो.

आणि आज अनेक केंद्रांवर जे यंत्र हे सगळं मिनिटभरात सांगतं, ते कशाने मोजतं माहीत आहे? आवाजाने! माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच पट्टीच्या ध्वनिलहरी ते दुधाच्या चमचाभर नमुन्यातून सोडतं. स्निग्धांशातून ध्वनी एका वेगाने जातो, इतर घन पदार्थांच्या द्रावणातून दुसऱ्या, आणि तापमान बदललं की दोघांचे वेग वेगवेगळ्या तऱ्हेने बदलतात. त्या फरकावरून यंत्र हिशेब मांडतं. दुधाला काहीतरी ऐकवायचं आणि ते कसं ऐकतं यावरून त्याची लायकी ठरवायची. हे मी पार्ट्रिजच्या कार्यक्रमात ऐकलं असतं तर नक्की खोटं मानलं असतं.

याच जिल्ह्यात राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे, १९६८ सालचं. तिथे शास्त्रज्ञांनी ‘फुले त्रिवेणी’ नावाची गाय घडवली: निम्मी होल्स्टीन फ्रिजियन, पाव जर्सी, पाव गीर. नेदरलँड्सकडचं भरपूर दूध, इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटाची चढी फॅट आणि सौराष्ट्रातला काटकपणा एका दावणीला बांधलेला. पुणतांब्याहून निघालेला जून २०१७ चा शेतकरी संपही आठवा. तेव्हा रस्त्यावर ओतलेलं दूध साऱ्या राज्याने पाहिलं. ज्या जिल्ह्यात दूध हा संपाचा, राजकारणाचा आणि मुलीच्या फीचा विषय आहे, तिथे त्यावरचा तासभराचा कार्यक्रम बारीक विषयावरचा कसा म्हणायचा? विषय लहान की मोठा हे ऐकणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतं.

ब्रिटनलाही हे एके काळी ठाऊक होतं. १ जानेवारी १९५१ पासून बीबीसी रेडिओवर ‘द आर्चर्स’ ही खेड्यातल्या शेतकरी कुटुंबाची मालिका देशभर सुरू झाली. महायुद्धानंतर अन्नाची टंचाई होती आणि शेतकऱ्यांना नव्या पद्धती शिकवायच्या होत्या, म्हणून कृषी मंत्रालयाशी सल्लामसलत करून कथेत मशागतीची माहिती पेरलेली असे. ती मालिका आजही चालू आहे! आणि गंभीर साचा एकदा रुळला, की त्याच्या आडून थट्टा करणाराही येतोच. १ एप्रिल १९५७ ला बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ या प्रतिष्ठित कार्यक्रमात स्वित्झर्लंडमधल्या सुगीचा छोटा वृत्तपट दाखवला गेला. हिवाळा सौम्य गेला, किडीचा उपद्रव सरला, आणि शेतकरी कुटुंबं झाडांवरून लोंबणाऱ्या स्पॅगेटीची तोडणी करताहेत. निवेदन रिचर्ड डिम्बल्बी यांचं. राष्ट्रीय दुःखाच्या आणि सोहळ्याच्या प्रसंगी देशाने ऐकलेला तोच भारदस्त आवाज. ब्रिटनमध्ये तेव्हा स्पॅगेटी म्हणजे डब्यातून येणारा परका पदार्थ. ती पिठाची करतात हे अनेकांना माहीत नव्हतं. लोकांनी बीबीसीला फोन करून विचारलं, की हे झाड आम्हाला कसं लावता येईल? उत्तर मिळालं, की स्पॅगेटीची एक काडी टोमॅटो सॉसच्या डब्यात खोवा आणि आशा ठेवा. उत्तर देणाराही हसला नसावा.

आपल्याकडे ही विद्या किती जुनी! तमाशाचा क्रम आठवा: गण, गवळण, बतावणी, रंगबाजी, वग. त्यातली गवळण म्हणजे तरी काय? गौळणी दूध, दही, लोणी घेऊन मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, पुरुषाने लुगडं नेसून वठवलेली मावशी पुढारीण आहे, आणि वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे येऊन दाण मागतात. म्हणजे जकात! घागरीत काय, बाजार कुठला, कर कुणाच्या हुकमाने, याची कडक चौकशी सुरू होते आणि मावशी प्रत्येक प्रश्नाला इतक्या ठसक्यात भलतंच उत्तर देते, की जकात घेणाराच गोंधळतो. दुग्धव्यवसायावरचा विनोदी कार्यक्रम आपण पिढ्यान्‌पिढ्या करतोय. त्यात देवालाही पाहुणा म्हणून बसवलंय.

बतावणी तर पॉडकास्टच्या आणखी जवळची. दोन माणसं उभी राहतात, एक शहाणपणाचा आव आणतो, दुसरा सोंगाड्या, आणि एखाद्या क्षुल्लक गोष्टीवर दोघं अशा तावातावाने वाद घालतात, जणू त्यावर राज्य अवलंबून आहे. नेपथ्य नाही, कथा नाही, फक्त बोलणं. अहिल्यानगर जिल्ह्यातलंच संगमनेर हे या कलेचं मोठं ठाणं. कांताबाई सातारकर यांचा फड तिथला. २५ मे २०२१ रोजी तिथेच त्या गेल्या. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर सोंगाड्या म्हणूनच नावाजले. आणि त्याच संगमनेरात ‘राजहंस’ नावाने दूध विकणारा मोठा सहकारी दूध संघही आहे. गवळण आणि डेअरी एकाच गावात! पार्ट्रिजला हे कुणीतरी कळवायला हवं.

लिखित साहित्यातही हेच कसब दिसतं. ‘केशवकुमार’ या नावाने आचार्य अत्र्यांनी १९२५ साली ‘झेंडूची फुले’ काढलं, तेव्हा रविकिरण मंडळाच्या कवींची वळणं त्यांनी आधी हुबेहूब साधली होती. छंदात कुठे ढिलाई नाही. पु. लं.चा मराठी वाङ्मयाचा ‘गाळीव इतिहास’ही विद्वानांच्या थाटातच चालतो. ज्याला खरं वृत्त येत नाही त्याला खोटी कविता जमत नाही, एवढं यावरून दिसतं.

अहिल्यानगरच्या दुधावरचा असा कार्यक्रम कुणी खरोखर करायला घेतला, तर त्याची मात्र परीक्षा आहे. लंडनचा श्रोता गाईबद्दल काहीही ऐकून घेईल, कारण त्याला गाय माहीत नाही. इथे निवेदकाने मुरघास दीड-दोन महिन्यांऐवजी नऊ दिवसांत उघडला, तर विनोद व्हायच्या आधी लोक त्याला वेड्यात काढतील. गाभण कालवडीचे महिने, कासेच्या दगडीवरचा उपाय, सरकी पेंडेचा भाव, सगळं अचूक सांगून झाल्यावरच त्याला एक थाप मारण्याचा अधिकार मिळेल. समजा त्याने तो मिळवला, आणि एखाद्या बनावट डॉक्टरसाहेबांना बोलावून सांगायला लावलं, की गाय धारेच्या वेळी शेपूट मिनिटाला किती वेळा हलवते त्यावर दुधाची डिग्री ठरते. निवेदक ‘बरं’ म्हणेल, अर्धा सेकंद उशिरा. मग श्रोत्यांचे फोन. पहिलाच फोन अकोले तालुक्यातून, एका आजींचा: ‘साहेब, आमची शेपूट हलवतच नाही. लाथ मारती. तिची डिग्री काय धरायची?’